बॉनेट एका सालचं, गाडी दुसऱ्या

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

‘नमस्कार. गेल्या वर्षी माझे मामा वारले. त्यांची जॅग्वार ई-टाइप आम्हा दोघा भावंडांकडे आली आहे. उघडी, दोन सीटची, लेफ्ट हँड ड्राइव्ह. जवळजवळ तीस वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. कागदावर साल १९६२ आहे. धाकटा भाऊ म्हणतो, गाडी १९६१ ची आहे आणि पहिल्या पाचशेतली आहे, कारण बॉनेटची कुलपं बाहेरून आहेत आणि तळ सपाट आहे. मामांच्या ड्रॉवरमध्ये इंग्रजी टी अक्षरासारखी एक किल्लीही सापडली. इंजिनाच्या कप्प्यातल्या पट्टीवरचा नंबर ८७६३ ने सुरू होतो, पण इंजिनाचा नंबर झेडए ने. एक गॅरेजवाले म्हणाले, “इंजिन चुकीचं आहे, पण काळजी करू नका, बरोबर नंबर ठोकून देतो.” दुसरे म्हणाले, “हात लावू नका, आहे तशी विकून टाका.” ही व्हिंटेज गाडी नक्की कुठल्या सालची? आणि ती परत रस्त्यावर आणण्यात अर्थ आहे, की मामांच्या आठवणीपायी आम्ही पैसे पाण्यात घालतोय?’

ताई, सगळ्यात आधी त्या ठोकण्याचं. पहिल्या गॅरेजला आजच फोन करून सांगा, की इंजिनावर, फ्रेमवर, पट्टीवर कुठेही एकसुद्धा आकडा ठोकायचा नाही, घासायचा नाही, रंगवायचा नाही. तुमच्या गाडीचं काही बिघडलं असेल तर ते दुरुस्त होईल. खोटा नंबर ठोकला की तो कायमचा ठोकला. पुढे गाडी बघणारा कुणीही जाणकार तो ओळखेल, आणि एक नंबर खोटा निघाला की उरलेले खरे नंबरसुद्धा त्याच्या नजरेत संशयित होतात. शिवाय ती सरळ फसवणूक आहे, आणि ती तुमच्या नावावर जमा होईल.

आता तुमच्या भावाचं. तो निम्मा बरोबर आहे, आणि जो निम्मा चुकलाय तोच जास्त मजेशीर आहे.

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली. तिथे गाडीत बसून चक्कर मारायला इतकी झुंबड उडाली, की कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस याला इंग्लंडमधल्या कारखान्याच्या गावाहून, कॉव्हेंट्रीहून, दुसरी गाडी रातोरात चालवत न्यावी लागली. सुरुवातीच्या त्या गाड्यांमध्ये बॉनेट बाहेरून उघडायचं. दोन्ही बाजूंना छोटी गोल कुलपं, आणि त्यात घालायला टी आकाराची किल्ली. ही व्यवस्था फक्त पहिल्या ५०० गाड्यांवर होती, इथपर्यंत भाऊ अगदी बरोबर. पण उघड्या, लेफ्ट हँड गाड्यांचे नंबर ८७५००१ पासून सुरू होतात, आणि बाहेरच्या कुलपांची त्यातली शेवटची गाडी ८७५३८५. तुमची ८७६३ ने सुरू होणारी गाडी त्यानंतर नऊशेहून जास्त नंबर उलटल्यावर येते. म्हणजे या नंबरच्या गाडीला कारखान्यातून निघताना बाहेरची कुलपं असायचं कारण नाही.

सपाट तळाची गोष्ट मात्र वेगळी. सुरुवातीच्या गाड्यांचा तळ एका पातळीत होता. उंच माणसांचे पाय अवघडायचे, तक्रारी आल्या, म्हणून १९६२ च्या सुरुवातीला पावलांच्या जागी तळ खाली उतरवला. (आज लोक ज्या तळासाठी जीव टाकतात तो कंपनीने ग्राहकांच्या तक्रारीवरून काढून टाकला होता, हे माझं या छंदातलं आवडतं सत्य आहे.) तुमचा नंबर त्या बदलाच्या आधीचा आहे. म्हणजे कुलपं या गाडीची नव्हेत, तळ मात्र तिचा स्वतःचा असू शकतो.

मग साल कुठलं? इथे एक गैरसमज आहे, तो बाजूला काढू. जुन्या गाडीला एकच जन्मतारीख असते असं आपण धरून चालतो. तिला निदान तीन असतात. गाडी बांधून पूर्ण झाली ती एक. कारखान्याच्या दारातून बाहेर पडली ती दुसरी. कुणी विकत घेऊन पहिल्यांदा नोंदवली ती तिसरी. मध्ये जहाजाचा प्रवास, विक्रेत्याच्या शोरूममधले महिने, कधी कधी अख्खा हिवाळा. डिसेंबरमध्ये बांधलेली गाडी पुढच्या उन्हाळ्यात विकली गेली, की कागदावर पुढचं साल पडतं. कागद खोटं बोलत नसतो, तो फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो. तुमच्या नंबरवरून मला गाडी १९६१ ची अखेर ते १९६२ ची सुरुवात या टप्प्यातली दिसते. त्याहून नेमकं अंदाजाने सांगायचं नाही आणि सांगायची गरजही नाही. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट मूळ नोंदवह्यांवरून दाखला देतो. त्यात बांधणीची तारीख, रवानगीची तारीख, कुठल्या वितरकाकडे गेली, मूळ रंग, आतल्या चामड्याचा रंग, आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर असतात. मालकीचे कागद जोडून आधी तो दाखला मागवा. तो येईपर्यंत पाना हातात घेऊ नका.

नंबरांबद्दल अजून थोडं, कारण भाऊ पुढे वाद घालणार हे मला पत्रातून दिसतंय. नंबर म्हणजे तारीख नव्हे. गाड्या नंबरांच्या क्रमानेच पूर्ण होत असं नाही. एखादी सुट्या भागासाठी अडायची, मागची पुढे जायची. आणि पहिला नंबर म्हणजे एक नव्हे. एमजी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या टीसी मॉडेलची पहिली गाडी ०२५१ नंबरची आहे. का, तर त्यांच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता आणि नंबर तिथूनच मोजायची तिथली पद्धत होती. हे माहीत नसलेला माणूस ०२६० नंबरची टीसी बघून ‘दोनशे साठावी’ म्हणतो आणि दहाव्या गाडीला हात हलवून निघून जातो. फोर्ड मस्टँगचं उलटं आहे. पहिल्या मस्टँग मार्च १९६४ मध्ये बांधल्या गेल्या, एप्रिलमध्ये विक्रीला आल्या, आणि लोक त्यांना ‘साडेचौसष्ट’ म्हणतात. कंपनीच्या नंबरात मात्र त्या सगळ्या ५ ने सुरू होतात, म्हणजे १९६५. साडेचौसष्ट असं साल कुठल्याच पट्टीवर नाही, तरी त्या नावाला बाजारात वजन आहे, कारण अल्टरनेटरऐवजी डायनामो असले फरक त्या गाड्यांत खरोखर आहेत.

आणि सगळ्यावर कडी तुमच्याच गाडीच्या घराण्यातली. जॅग्वारने १९६३ मध्ये शर्यतीसाठी ॲल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइप काढायच्या ठरवल्या, १८ नंबर राखून ठेवले, आणि बारा बांधून थांबले. उरलेले सहा नंबर वहीत तसेच पडून राहिले. २०१४ मध्ये कंपनीने स्वतःच त्या सहा नंबरांच्या गाड्या बांधायला घेतल्या. आता त्या गाड्या कुठल्या सालच्या, हे तुम्हीच ठरवा. मी ठरवायचं सोडून दिलंय.

तुमच्या कोड्याकडे परत येऊ. मामांच्या गाडीत तीन गोष्टी जुळत नाहीत: बॉनेट, इंजिन आणि कागदावरचं साल. सालाचा उलगडा झाला. उरलेल्या दोन गोष्टी एकाच ठिकाणी आहेत, गाडीच्या पुढच्या अर्ध्यात. आणि ई-टाइपचा पुढचा अर्धा भाग कसा बांधलाय हे माहीत असलेल्याच्या मनात लगेच एकच शंका येते. ही गाडी कधीतरी पुढून जोरात आदळलेली आहे.

मधला भाग, म्हणजे तुम्ही बसता तो आणि त्यामागचा, एकसंध पत्र्याचा डबा आहे. त्याच्या पुढच्या भिंतीला चौकोनी नळ्यांची फ्रेम बोल्टांनी आवळलेली असते. इंजिन, पुढचं सस्पेन्शन, स्टेअरिंग सगळं त्या फ्रेमवर. वरून ते लांबलचक बॉनेट, पुढच्या टोकाला बिजागरीवर उचलणारं. पुढून धडक बसली की बॉनेट जातं, फ्रेम वाकते, कधी इंजिनही निकामी होतं. सगळं सुटं होत असल्यामुळे दुसरं आणून लावताही येतं. आता गंमत बघा. गाडीचा नंबर कारखान्यात कुठे ठोकलाय? याच फ्रेमच्या आडव्या नळीवर, उजवीकडच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या वर. म्हणजे जो भाग पाच-सहा दशकांत सुटून बदलला जाण्याची सर्वांत जास्त शक्यता, नेमक्या त्याच्यावर गाडीची ओळख.

म्हणून बॉनेट उघडा आणि तो नंबर शोधा. तिथे तेल आणि धूळ यांचा दगड झालेला असेल. तारेचा ब्रश नको, सँडपेपर अजिबात नको. रॉकेलमध्ये भिजवलेला फडका त्यावर तासभर ठेवा, मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा. टॉर्च समोरून न मारता आडवी धरा, म्हणजे आकड्यांच्या कडांना सावली पडते. तीन शक्यता आहेत. पट्टीवरचाच नंबर दिसला आणि आकड्यांची वळणं एकसारखी, खोली एकसारखी असली, तर फ्रेम मूळची. काहीच नंबर नसला, तर फ्रेम बदललेली आहे, आणि ज्याने बदलली तो प्रामाणिक होता. आणि आकडे वाकडेतिकडे, भोवती घासल्याच्या खुणा, किंवा त्यांच्याखाली दुसऱ्या आकड्यांची भुतं दिसली, तर फोटो काढा, फडक्याने झाका, आणि कुणाला काही बोलण्याआधी मला कळवा.

बॉनेटचं कोडं त्याहून सोपं आहे. नंतरच्या गाड्यांत बॉनेट आतून सुटतं; दोन्ही बाजूंना डॅशबोर्डखाली, दाराच्या बिजागरीच्या बाजूला एकेक लिव्हर असतो. जमिनीवर उताणं पडून, डोकं पायाच्या जागेत घालून त्या दोन ठिकाणी बघा. लिव्हर नसतील, पण त्यांच्यासाठीची भोकं असतील, कदाचित रबरी बूच लावून किंवा पत्र्याची टिकली मारून बंद केलेली. ती भोकं दिसली की प्रश्न मिटला: डबा नंतरचा, बॉनेट आधीच्या गाडीचं. मग बॉनेटवर हवेच्या फटी आहेत तिथे खालून बोट फिरवा. अगदी सुरुवातीच्या बॉनेटांत फटींचा तुकडा वेगळा पाडून बसवलेला असायचा, नंतर तो बॉनेटच्या पत्र्यातच दाबून काढू लागले. जोडाची कड बोटाला लागली तर ते बॉनेट खरोखरच पहिल्या पाचशेपैकी कुठल्यातरी गाडीचं असण्याची शक्यता बरीच आहे. नाही लागली, तर कुणीतरी हौसेने साध्या बॉनेटला कुलपं बसवलीत. तेही होतं. बाजारात कुलपांना भाव आला की कुलपांची पैदास वाढते.

तळही तसाच तपासा, कारण सपाट तळ मागाहून बसवणारेही कमी नाहीत. कार्पेट उचला, डांबरी थर असेल तर कोपऱ्यातला थोडा खरवडा. कारखान्यातला जोड म्हणजे ठरावीक अंतरावर उमटलेल्या उथळ गोल टिकल्या, बांगडी टेकवल्यासारख्या. मागाहून केलेल्या कामात त्या जागी फुगीर गोळे किंवा घासून सपाट केलेली सलग रेघ दिसते. रेघ दिसली म्हणून खचू नका. तळ कुजतोच, आणि कुजला की बदलतात. फक्त मग तो ‘मूळ सपाट तळ’ राहत नाही, ‘मूळच्यासारखा बदललेला’ होतो, आणि तसं म्हणायला लाजण्यासारखं त्यात काही नाही.

गाडीवर तारखा इतरत्रही लिहिलेल्या असतात. ल्युकास कंपनीच्या डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर यांच्यावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ट्रिप्लेक्स कंपनीच्या काचेवर कोपऱ्यातल्या छाप्यात काही अक्षरांच्या वर-खाली सुईच्या टोकाएवढे ठिपके असतात, त्यावरून काच कुठल्या वर्षी बनली ते कळतं. वाचण्याचा नियम साधा आहे: भाग आधी जन्मतो, गाडी नंतर. डायनामोवरची तारीख गाडीच्या बांधणीआधी काही आठवडे ते काही महिने असली तर तो तिचाच असावा. गाडीच्या नंतरची असली तर बदललेला. दोन वर्षं आधीची असली तर कुठल्या तरी दुसऱ्या गाडीतून उचललेला. अशा दहा-बारा तारखा वहीत उतरवल्या की मधला डबा कुठल्या महिन्यांतला हे दाखला यायच्या आतच तुम्हाला कळून चुकेल. दोघं भावंडं मिळून हे काम करा. एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. वाद घालायला तेवढा वेळ कमी.

इथे माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका जुन्या ब्रिटिश टू-सीटरवर काम करत होतो. हीटरच्या नळीला एक विचित्र कंस होता, दोन तुकडे जोडून केलेला. सुट्या भागांच्या कॅटलॉगात त्या नंबरच्या गाडीला असा कंस नव्हता. मी तो ‘कुणा मिस्त्रीचा उद्योग’ म्हणून भंगाराच्या डब्यात टाकला आणि पुस्तकाप्रमाणे नवा करून बसवला. फार अभिमान वाटला. दीड वर्षाने त्याच मॉडेलची, माझ्या गाडीपासून वीस-पंचवीस नंबर पुढची एक न उघडलेली गाडी बघायला मिळाली. तिच्यावर तस्साच कंस होता, तसाच जोडलेला, कारखान्याच्या रंगाखाली. जुना साठा संपवायचा आणि नवा भाग अजून आला नव्हता, म्हणून कुणीतरी त्या आठवड्यापुरती तोड काढली होती. पुस्तक बरोबर होतं, गाडीही बरोबर होती, मीच घाईचा होतो. तेव्हापासून माझ्याकडे सुटलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत जातो, तो कितीही चुकीचा दिसला तरी. तुम्हीही तेच करा.

आता इंजिन. तुमच्या गाडीचं मूळ इंजिन आर अक्षराने सुरू होणाऱ्या नंबरचं असायला हवं. झेडए हा नंबर जॅग्वारच्याच मार्क टेन या मोठ्या, चार दारांच्या सलून गाडीचा. म्हणजे इंजिन परकं असलं तरी परघरचं नाही. तेच ३.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं, तीन एसयू कार्बोरेटरचं इंजिन जॅग्वारने ऑक्टोबर १९६१ मध्ये त्या सलूनमध्ये घातलं होतं. ज्याने बदललं त्याने विचार करून बदललंय. नंबर ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर असतो आणि हेडवरही असतो. दोन्ही वाचा, एकच आहेत का बघा. नंबराच्या शेवटी आडव्या रेघेनंतर ८ किंवा ९ असेल, तो कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते. मूळ इंजिनाचा नंबर दाखल्यात येईल. तो जॅग्वारच्या क्लबांकडे कळवून ठेवा. इंजिनं जगभर भटकतात आणि कधी कधी एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात सापडतातही. सापडलं तर उत्तम, नाही सापडलं तर झेडए इंजिन नीट करून चालवा आणि विचारणाऱ्याला झेडए म्हणून सांगा.

हो, आणि आज कुतूहलापोटी किल्ली फिरवून ‘चालू होतंय का’ बघू नका. तीस वर्षं उभ्या इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतींवर गंजाची साय धरलेली असते. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग पुढच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, ब्लॉक बिडाचा. इंजिन थंड ठेवायला आत इतकी वर्षं साधं पाणीच भरलेलं असेल तर हेडच्या आतल्या वाटा खाल्लेल्या असतील. पेट्रोलची टाकी न धुता त्यातलं काही इंजिनाकडे जाऊ द्यायचं नाही. ब्रेकवर तर काडीचा विश्वास नको. मागच्या डिस्क चाकांत नसून आत, डिफरन्शियलला चिकटून आहेत, आणि त्यांचं नीट काम करायचं तर मागच्या सस्पेन्शनचा अख्खा पिंजरा खाली उतरवावा लागतो. गाडी ढकलताना मागची चाकं जाम वाटली तर इथेच चिकटली असणार.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, अर्थ आहे का? त्याचं उत्तर इंजिनात नाही, बॉनेटमध्येही नाही. ते मधल्या डब्यात आहे. इंजिन बांधता येतं, चामडं शिवता येतं, क्रोम चढवता येतं. डबा कुजला असेल तर वेळ आणि पैसा सगळा तिथेच जिरतो. मी बघायला आलो तर सरळ दाराखालच्या पेट्यांकडे जाईन. ई-टाइपच्या, त्यातही उघड्या ई-टाइपच्या अंगातलं बळ त्या दोन पेट्यांत आहे. वर छप्पर नाही, मग गाडीला ताठ ठेवणार कोण? दार हळूच उघडा आणि लावा. लावताना दार वर उचलावं लागतंय का? दाराच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलटी आहे का? असेल तर गाडी मध्ये वाकली आहे, वरचा रंग कितीही चकचकीत असो. मग चुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा आणि पेट्यांच्या खालून फिरवा. जिथे तो सुटून पडतो तिथे पत्रा नाही, भरलेली पुट्टी आहे.

त्यानंतर मागच्या चाकांच्या पुढे तळाला, जिथे सस्पेन्शनचे लांब दांडे डब्याला अडकतात ती जागा. तिथे स्क्रूड्रायव्हर आत गेला तर ही गाडी रस्त्याच्या लायकीची नाही. तो जोड सुटला तर मागची चाकं स्वतःच्या मर्जीने स्टेअरिंग करायला लागतात. मग डिकीचा तळ, मग पुढची नळ्यांची फ्रेम. नळ्या आतून गंजतात, बाहेरून रंग शाबूत असतो, म्हणून छोट्या हातोडीने टिचक्या मारत जा आणि आवाज ऐका. निरोगी नळी खणकन वाजते, कुजलेली ठप्प. या नळ्या कारखान्यात झाळून जोडलेल्या आहेत. कुणी त्यावर वेल्डिंगचे ठिगळ मारले असतील तर ती फ्रेम दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका, नवी घ्या. पण तेव्हाही जुनी, नंबरवाली फ्रेम कधीच टाकून द्यायची नाही.

पेट्या आणि तळ दोन्ही बदलायचे असले तरी गाडी वाया गेली असं नाही. त्यांचे नवे पत्रे तयार मिळतात. मात्र काम करणाऱ्याला एक प्रश्न विचारा: ‘पेटी कापायच्या आधी काय कराल?’ त्याने दाराच्या चौकटीत आडवे दांडे वेल्ड करून डबा जखडेन, मापं घेईन, आणि एका वेळी एकच बाजू कापेन असं सांगितलं तर पुढे बोला. ‘कापून बघू’ म्हणाला तर चहा प्या आणि निघा. आणि त्याला लेखी द्या, की तळ सपाटच हवा. सवयीने नंतरचा खोल तळ बसवून ‘तुमच्या पायांना आराम’ म्हणणारे भेटतात.

डबा ठीक निघाला, तर माझं मत स्पष्ट आहे. यांत्रिक काम पूर्ण करा, ब्रेक, टाकी, नळ्या, वायरिंग, सस्पेन्शनचे रबर, आणि जिथे गंजाने ताकद खाल्लीय तेवढाच पत्रा बदला. रंग, चामडं, डॅशबोर्ड यांना हात लावू नका. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिवाने, स्वीकारलेली ट्युरिनची सनदही आधी जतन, मग दुरुस्ती, आणि शेवटी पुनर्बांधणी याच क्रमाने विचार करायला सांगते. मला ते सनद वाचण्याआधीही पटत होतं, कारण नवी कोरी केलेली ई-टाइप कुठेही दिसते. मामांच्या हाताने झिजलेलं स्टेअरिंग एकच आहे. (जाता जाता: काटेकोर ब्रिटिश हिशेबात ‘व्हिंटेज’ म्हणजे १९१९ पासून १९३० अखेरपर्यंतच्या गाड्या. तुमचीला क्लासिक म्हणतात. पण यावरून तुमच्याशी भांडणाऱ्या माणसाकडून गाडीबद्दल दुसरं काही शिकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.)

बॉनेटबद्दल भाऊ निराश होईल, म्हणून त्याला हे वाचून दाखवा. ते खरं सुरुवातीचं निघालं तर लवकरच कुणीतरी गोड बोलून येईल, ‘हे तुमच्या गाडीला चुकीचं आहे, मी तुम्हाला बरोबरचं देतो, वर थोडे पैसेही देतो.’ त्या माणसाच्या घरी पहिल्या पाचशेतली एक बिनबॉनेटची गाडी उभी असते. देण्यात गैर काही नाही, पण तो काय नेतोय हे तुम्हाला माहीत असू द्या. घाई तर मुळीच नको. मामांनी इतकी वर्षं ते बॉनेट ठेवलं, त्याची किल्ली जपली. कुठल्या अपघातानंतर, कुठून आणलं, याची एखादी पावती, एखादा जुना फोटो, एखादं पत्र त्यांच्या कागदांत असेलच. रद्दी देण्याआधी एकेक कागद बघा. फोटोंत गाडीचं नाक दिसेल ते सगळे वेगळे काढा. बॉनेटच्या बाजूला कुलपाचा गोल ठिपका कुठल्या फोटोपासून दिसायला लागतो, ते बघा.

आणि विकायचीच ठरली, तरी जाहिरातीत ‘१९६१, पहिल्या पाचशेतली’ लिहू नका. ‘सपाट तळाची सुरुवातीची ई-टाइप, बांधणीची तारीख दाखल्याप्रमाणे, सुरुवातीच्या गाडीचं बॉनेट, मार्क टेनचं इंजिन, तीस वर्षं उभी’ असं लिहा. गंभीर गिऱ्हाईक अशाच जाहिरातीला फोन करतं.

तूर्त त्या टी किल्लीला थोडं तेल लावा. कुलपं घट्ट झाली असतील, तर पक्कड लावून किल्ली पिळू नका. कुलपात गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर थांबा, आणि बॉनेट उचलताना दोघांनी दोन बाजूंना उभं राहून उचला. फ्रेमवरच्या नंबराचा फोटो आडव्या उजेडात काढून पाठवा, सोबत डॅशबोर्डखालच्या त्या दोन भोकांचा.